गच्चीवरच्या टाकीतील पाणी तळमजल्यावर कसे पाहावे

पुण्यातील आमच्या तीन मजली इमारतीत सहा बिऱ्हाडे राहतात. महापालिकेचे पाणी सकाळी जमिनीखालच्या हौदात येते, तेथून एक अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवरच्या एक हजार लिटरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत चढवतो, आणि त्या पंपाचे बटण तळमजल्यावरच्या काकूंच्या दाराशेजारी आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने आमच्या चोवीस माणसांना ३,२४० लिटर लागतात, म्हणजे टाकी दिवसातून तीन-चार वेळा भरावी लागते. ती रिकामी झाल्याचे अनेक वर्षे तिसऱ्या मजल्यावरचा नळ फुरफुरू लागला की कळत असे, आणि भरल्याचे अंगणात वरून धो-धो पाणी पडू लागले की. हे दोन्ही निरोप उशिरा येतात. पातळी वेळेवर कळावी म्हणून आम्ही जे यंत्र बसवले, त्याची कृती पुढे दिली आहे. ज्याला सोल्डरिंगची थोडी सवय आहे आणि ज्याने आर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करण्याच्या बोर्डावर एखादा दिवा लुकलुकवून पाहिला आहे, त्याला ते दोन रविवारांत उभे करता येईल.

या कामासाठी बहुतेक जण श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा सेन्सर वापरतात आणि आम्हीही तोच वापरला. तो ४० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीचा एक छोटा झोत खाली सोडतो, पाण्यावरून उलटून आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि मध्ये गेलेला वेळ मायक्रोकंट्रोलरला कळवतो. म्हणजे हा सेन्सर मोजतो ती पाण्यावरची रिकामी जागा. पाणी किती आहे हे आपण त्यावरून वजाबाकी करून काढतो. हे नीट ध्यानात ठेवले तर पुढच्या बहुतेक अडचणींचा उगम आपोआप कळतो, कारण त्या साऱ्या पाण्यावरच्या हवेत असतात: ती तापते, दमट होते, तिच्यात थेंब साचतात आणि पाइपच्या कडा आड येतात.

दुसरे मार्ग नाहीत असे नाही. पाण्यात वेगवेगळ्या उंचीवर तारा सोडून वीज वाहते का हे पाहण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आहे, पण सतत एकदिश प्रवाह दिला तर तारांची टोके काही आठवड्यांत झिजतात, आणि बोअरचे जड पाणी मिसळत असेल तर त्यांच्यावर क्षाराचे पांढरे पूटही चढते. तळाशी दाब मोजणारा सेन्सर खरोखर पाणीच मोजतो, म्हणून तत्त्वतः तो अधिक चांगला. मात्र छंदी मंडळींत रूढ असलेला १० किलोपास्कलचा सेन्सर १०२ सेंटिमीटर पाण्यातच संपतो आणि आमची टाकी १०५ सेंटिमीटरपर्यंत भरते. लेझरचे छोटे सेन्सर या कामाला घेऊ नयेत, कारण त्यांचा अवरक्त किरण स्वच्छ पाण्यावरून नीट परततच नाही.

काय आणावे

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सारे सामान एका फेरीत मिळते. दुकानदार बहुधा एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा स्वस्त सेन्सर पुढे करेल. टेबलावर शिकायला तो उत्तम आहे, पण त्याच्या जाळीच्या डोळ्यांत टाकीतली वाफ आणि क्लोरीन शिरतात आणि तो गंजतो. टाकीसाठी जेएसएन-एसआर०४टी हा एका डोळ्याचा, जलरोधक आणि सुमारे अडीच मीटर वायर असलेला सेन्सर मागावा. त्याचे एक वैगुण्य आधीच जाणून घ्यावे. तोच एक डोळा आधी बोलतो आणि मग ऐकतो. बोलल्यानंतरचे त्याचे थरथरणे थांबेपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही. त्यामुळे २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले अंतर त्याला मोजता येत नाही. या अंतराला आपण अंधपट्टा म्हणू.

बाकीचे सामान असे: गच्चीवरच्या डब्यासाठी आर्डुइनो नॅनो, तळमजल्यासाठी ईएसपी ८२६६ या वाय-फाय चिपचा नोडएमसीयू बोर्ड, लांब तारेवरून संकेत पाठवण्याच्या आरएस-४८५ या पद्धतीचे दोन मॅक्स४८५ मॉड्यूल, पोलादी टोपीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, १२ चे ५ व्होल्ट करणारे दोन स्टेप-डाउन कन्व्हर्टर, लाल-पिवळा-हिरवा असे तीन एलईडी, त्यांचे २२० ओहमचे रेझिस्टर, शिवाय १ किलोओहम, २ किलोओहम आणि ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, केबल ग्लँड (वायरीभोवतीची फट बंद करणारी बूच) लावलेला जलरोधक डबा आणि गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पुरेल इतकी तांब्याची लॅन केबल.

एकाच वाय-फाय बोर्डावर हे काम भागते असे अनेक जण सांगतील, आणि बंगल्यात ते खरेही आहे. आमच्याकडे तळमजल्यावरचा राउटर आणि टाकी यांच्यामध्ये तीन स्लॅब आहेत. पहिल्या प्रयोगात बोर्ड दिवसातून कितीतरी वेळा संपर्क गमावत असे. आरएस-४८५ ची जोडतार कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत चालते, तिला पंधरा-वीस मीटर म्हणजे काहीच नाही. शिवाय नॅनो ५ व्होल्टचा असल्यामुळे सेन्सर त्याला थेट जोडता येतो.

टाकी आधी मापून घ्यावी

वायरला हात लावण्यापूर्वी टाकीची मापे घ्यावीत. आमच्या टाकीचा बाहेरून घेर ३४८ सेंटिमीटर भरला, त्याला ३.१४१६ ने भागले की व्यास ११०.८ येतो आणि दोन्ही बाजूंची भिंतीची जाडी वजा केली की आतला व्यास ११० सेंटिमीटर. त्यावरून क्षेत्रफळ सुमारे ९,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर ९.५ लिटरचा. तळापासून झाकणापर्यंतची उंची १२० सेंटिमीटर, ओव्हरफ्लोचा पाइप १०५ वर आणि घरांकडे जाणारा पाइप ६ वर. या शेवटच्या आकड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्या पाइपच्या खालचे ५७ लिटर पाणी कधीच नळाला येत नाही, म्हणून शून्य टक्के तळाशी न धरता ६ सेंटिमीटरवर धरावे. वापरायचे पाणी मग ९९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ९४० लिटर उरते.

टाकीला कडी आणि निमुळता खांदा असतो, म्हणून हा हिशेब एकदा ताडून पाहावा. पंप बंद ठेवून आणि घरांकडचा व्हॉल्व्ह बंद करून गच्चीवरच्या नळाने २० लिटरचा कॅन दहा वेळा भरून घ्यावा आणि आधीची व नंतरची पातळी काठीने मोजावी. गणिताने २१ सेंटिमीटर उतरायला हवे होते. आमच्याकडे साडेएकवीस उतरले, म्हणून आम्ही ९.५ ऐवजी ९.३ हा आकडा घेतला आणि वापरायचे पाणी ९२० लिटर धरले. काढलेल्या दोनशे लिटरांत गच्ची धुऊन झाली आणि कुंड्यांनाही पाणी मिळाले.

जमिनीखालच्या चौकोनी हौदाचे गणित याहून सोपे आहे: लांबी ३ मीटर आणि रुंदी २ मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. आडव्या नळकांड्याच्या टाकीला मात्र हा सरळ गुणाकार चालत नाही, कारण मध्यावरचा एक सेंटिमीटर तळाजवळच्या सेंटिमीटरपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरतो. तिथे कॅनने मोजून दर पाच सेंटिमीटरला लिटरांचा तक्ता बनवावा आणि मधले आकडे प्रोग्रामने काढावेत.

सेन्सर बसवणे

झाकणालाच भोक पाडून सेन्सर बसवला असता तर भरलेल्या टाकीत पाणी त्याच्यापासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे अंधपट्ट्यात आले असते. म्हणून आम्ही ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा झाकणावर उभा केला, त्याला वर एंड कॅप लावली आणि कॅपच्या मध्यावर सेन्सरच्या मापाचे, सुमारे २२ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात डोळा खाली तोंड करून बसवला. सेन्सर आता तळापासून १३५ सेंटिमीटरवर आहे. टाकी काठोकाठ भरली की अंतर ३० येते आणि पाणी ६ सेंटिमीटरवर उतरले की १२९. पाइपचा तुकडा झाकणाच्या खाली लोंबकळू देऊ नये. त्याची खालची कड सेन्सरपासून १५ सेंटिमीटरवरच राहिली की तिचा प्रतिध्वनी अंधपट्ट्यात येतो आणि बहुतांशी गळून जातो. तीच कड ३० सेंटिमीटरवर गेली तर टाकी कायम भरलेली दिसेल.

सेन्सर टाकीच्या मध्यावर आणि अगदी ओळंब्यात हवा, कारण ध्वनीचा झोत खाली जाताना पसरतो आणि भिंत, शिडी किंवा पाणी येणारा पाइप वाटेत सापडला की त्याचाच प्रतिध्वनी आधी पोहोचतो. पाइप आणि झाकण यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवावी, नाहीतर डासांना आयते दार मिळते. कॅप मात्र चिकटवू नये, ती पुढे वरचेवर काढावी लागते. सेन्सरची वायर जोड देऊन लांबवू नये, कारण तिच्यातून परतणारा संकेत फार क्षीण असतो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सचा डबाच टाकीजवळ, सावलीत आणि वायर खालून आत शिरेल अशा बेताने ठेवावा. वरून शिरणाऱ्या वायरीवरून पावसाचे पाणी सरळ आत उतरते.

जोडणी

गच्चीवर २३० व्होल्टची वायर मुळीच नेऊ नये. अ‍ॅडॅप्टर तळमजल्यावर ठेवून लॅन केबलच्या आठ तारांपैकी दोन तारांनी १२ व्होल्ट, दोन तारांनी ऋण आणि पिळाच्या एका जोडीने आरएस-४८५ चा संकेत न्यावा. थेट ५ व्होल्ट पाठवले तर लांब बारीक तारेत काही दशांश व्होल्ट गळतात आणि नॅनो अधूनमधून स्वतःच पुन्हा सुरू होऊ लागतो. १२ व्होल्ट पाठवून डब्यात ५ केले की ही गळती जाणवत नाही.

डब्यात सेन्सरची ट्रिग पिन नॅनोच्या डी७ ला आणि इको पिन डी८ ला जोडावी. डीएस१८बी२० ची संकेताची तार डी४ ला देऊन ती आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकावा, आणि त्याची पोलादी टोपी पाइपच्या तुकड्यातल्या हवेत सोडावी, पाण्यात नव्हे. आपल्याला तापमान हवेचे हवे आहे. नॅनोची टीएक्स पिन मॅक्स४८५ च्या डीआय पिनला द्यावी आणि त्या मॉड्यूलच्या डीई व आरई या पिना ५ व्होल्टला बांधाव्यात, म्हणजे ते कायम बोलत राहील. तळमजल्यावरच्या मॉड्यूलच्या त्याच पिना ऋणाला बांधल्या की ते कायम ऐकत राहील. त्याच्या आरओ पिनवर ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी ८२६६ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, म्हणून आरओपासून १ किलोओहम, त्यापुढे ऋणापर्यंत २ किलोओहम आणि दोहोंच्या सांध्यातून नोडएमसीयूची डी५ पिन अशी विभागणी करावी. दिवे डी१, डी२ आणि डी६ वर, प्रत्येकी एक रेझिस्टर मध्ये घालून जोडावेत. नोडएमसीयूच्या डी३, डी४ आणि डी८ मोकळ्या ठेवाव्यात, कारण बोर्ड सुरू होताना त्यांची स्थिती तपासतो आणि तिथे काही जोडलेले असले तर तो कधी कधी सुरूच होत नाही.

प्रोग्रामने काय करावे

वरच्या नॅनोने ट्रिग पिन २० मायक्रोसेकंद उंचावावी आणि इको पिन किती वेळ उंच राहते ते पल्सइन या तयार फंक्शनने मोजावे. त्याला ३०,००० मायक्रोसेकंदांची मुदत घालावी, म्हणजे प्रतिध्वनी न आल्यास ते शून्य देऊन मोकळे होते. एका मोजणीवर कधीही विसंबू नये. ६० मिलिसेकंदांच्या अंतराने सात मोजण्या घ्याव्यात, शून्ये टाकून द्यावीत, उरलेल्या चढत्या क्रमाने लावून मधली उचलावी. चारपेक्षा कमी उरल्या तर रीडिंग मिळालेच नाही असे कळवावे. सरासरीपेक्षा मधली संख्या बरी, कारण पंप चालू असताना धारेखालच्या खळबळीमुळे एखादी मोजणी भलतीच येते आणि सरासरीला सोबत ओढून नेते.

वेळेचे अंतर करण्यासाठी बहुतेक ठिकाणी मायक्रोसेकंदांना ५८ ने भागायला सांगतात. त्या ५८ मध्ये हवेचे तापमान साधारण २२ अंश सेल्सिअस गृहीत धरलेले आहे. ध्वनीचा वेग मात्र तापमानाबरोबर वाढतो: शून्य अंशाला तो सेकंदाला ३३१.३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६०६ मीटरने चढतो. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतली हवा ४५ अंशांवर गेली की १०० सेंटिमीटरचे अंतर ९६.२ दिसते, म्हणजे टाकीत नसलेले ३५ लिटर पाणी दिसू लागते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना तेच अंतर १०१.८ दिसते. म्हणून डीएस१८बी२० चे तापमान ०.६०६ ने गुणून त्यात ३३१.३ मिळवावेत, येणाऱ्या वेगाला मायक्रोसेकंदांनी गुणावे आणि २०,००० ने भागावे. उत्तर सेंटिमीटरमध्ये येते आणि ध्वनीच्या जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्यांचा भागाकारही त्यातच होऊन जातो. टाकीतली हवा वर अधिक आणि खाली कमी तापलेली असते, त्यामुळे थोडी चूक उरतेच. पण आमच्याकडे काठीने मोजलेली पातळी आणि यंत्राची पातळी यांत आता एक-दीड सेंटिमीटरहून अधिक फरक सहसा पडत नाही.

दर दहा सेकंदांनी हे अंतर सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने खाली पाठवावे आणि एकाच ओळीत दोनदा पाठवावे. खालच्या बोर्डाने दोन्ही आकडे जुळले तरच ओळ स्वीकारावी. पातळी म्हणजे १३५ उणे अंतर. त्यातून ६ वजा करून ९.३ ने गुणले की लिटर मिळतात.

यापुढची गोष्ट मी चूक करून शिकलो. पहिल्या प्रोग्राममध्ये मी अशी ओळ लिहिली होती की अंतर ३० पेक्षा कमी आले तर टाकी शंभर टक्के भरली आहे असे समजावे. एका जानेवारीत पहाटे सेन्सरच्या डोळ्यावर दवाचा थेंब लोंबकळला, अंतर २२ येऊ लागले आणि तळमजल्यावर हिरवा दिवा लागला. टाकी रिकामी होती. वरून दोन घरांनी हाक मारली, तरी काकूंचे म्हणणे असे की दिवा हिरवा आहे, तुमच्याच नळात काहीतरी अडकले असेल; आणि यंत्र मीच बसवलेले असल्यामुळे मला त्यावर बोलायला तोंड नव्हते. ओव्हरफ्लो सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवर असताना २२ सेंटिमीटर अंतर होणेच शक्य नाही. अशक्य रीडिंग जवळच्या शक्य रीडिंगला चिकटवू नये, ते नाकारावे. आता २७ पेक्षा कमी आणि १३८ पेक्षा जास्त असे कोणतेही अंतर आमचा प्रोग्राम फेकून देतो.

बदलाच्या वेगावरही अशीच मर्यादा घालावी. आमचा पंप मिनिटाला साधारण ५० लिटर चढवतो, म्हणजे पातळी मिनिटाला पाच-साडेपाच सेंटिमीटर वाढते. सकाळी सगळे नळ एकदम सुटले तरी ती त्याच सुमाराने उतरते. मिनिटाला १० सेंटिमीटरहून मोठी उडी दिसली तर ती पाण्याची नसते. अशी रीडिंग सतत तीन मिनिटे येत राहिली, किंवा वरून ओळ येणेच थांबले, तर तिन्ही दिवे एकदम लुकलुकवावेत. जुना आकडा तसाच दाखवत राहणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे.

नोडएमसीयू राउटरला जोडून लिटरांचा आकडा दाखवणारे साधे वेबपान त्याच्यावर ठेवता येते आणि इमारतीतली तरुण मंडळी मोबाइलवर ते पाहतात, वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झचे लागते, ५ गिगाहर्ट्‌झचे या बोर्डाला दिसत नाही. ज्याला नोंदी साठवायच्या असतील त्याने एमक्यूटीटी ही यंत्रांमध्ये निरोप पाठवण्याची पद्धत वापरावी. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवलेली ही पद्धत एका टाकीला जरा भारीच आहे, पण ती अगदी हलकी चालते. तरीही माझ्या मते खरे काम बटणाशेजारचे तीन दिवेच करतात. २५ टक्क्यांखाली लाल, ७० च्या वर हिरवा, मध्ये पिवळा. काकूंना चष्मा शोधावा लागत नाही.

पंप आपोआप चालवायचा असेल तर

यंत्र पातळी दाखवते आहे, मग पंपही त्यालाच लावू-बंद करू द्यावा, हा मोह लवकरच होतो. निदान दोन-तीन महिने यंत्राचे वागणे पाहिल्याशिवाय तो पुरवू नये. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर, म्हणजे छोट्या विद्युत स्विचवर, ती थेट जोडली तर रिलेचे स्पर्श एकमेकांना चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा मोठा प्रवाह पेलणाऱ्या स्विचची, कॉइल चालवावी आणि तो कॉन्टॅक्टर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. सुरू होण्याची आणि थांबण्याची पातळी एकमेकींपासून लांब ठेवावी, उदाहरणार्थ ३० आणि ९५ टक्के, नाहीतर काठावरच्या लाटांनी पंप सारखा चालू-बंद होईल. टाकी वीस मिनिटांत भरत असेल तर तीस मिनिटांनंतर रीडिंग काहीही असो, पंप थांबलाच पाहिजे. टाकीच्या वरच्या पातळीला आणि हौदाच्या तळाजवळ एकेक साधा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या वायरीत टाकावा, म्हणजे प्रोग्राम अडकला तरी टाकी वाहणार नाही आणि पंप कोरडा फिरणार नाही.

देखभाल

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा कॅप काढून सेन्सरचा डोळा मऊ कापडाने पुसावा. पावसाळ्यापूर्वी डब्याची रबरी पट्टी आणि केबल ग्लँड तपासावेत आणि आत मुंग्या किंवा पालीची अंडी नाहीत ना ते पाहावे. टाकी धुण्याच्या दिवशी ती रिकामी असताना अंतर १३५ येते का हे पडताळावे. ते २-३ सेंटिमीटरने चुकत असेल तर झाकण नीट बसलेले नसते. आणि १३५, ९.३, ६ व १०५ हे चार आकडे मार्करने डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. आमच्याकडे प्लंबरने नवे झाकण बसवले, ते दोन सेंटिमीटरने उंच होते, आणि कोणता आकडा बदलायचा हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.